सवय होत नसते, ताई

आज चटणी कांडून आणायला गेले होते. कांडपावरच्या बाईंना खोकल्याची अशी उबळ आली की भिंतीला धरून उभ्या राहिल्या. आणि रांगेतली, नाकाला पदर लावलेली एक बाई म्हणते, "त्यांना काही होत नाही, सवय असते." चौघींनी माना डोलावल्या. दुपारपासून डोकं फिरलंय माझं.

माझी मामी मसाल्याच्या कारखान्यात होती. आधी मिरचीची देठं खुडायची, मग धणे-लसूण पावडरच्या पॅकिंगला. पहिली काही वर्षं काहीच झालं नाही. मग शिंका, मग डोळ्यांना पाणी, मग रात्रभर छातीत घरघर. मिरचीचा ठसका तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच लागतो, मोकळ्या हवेत आलं की जातो. ॲलर्जीचं तसं नाही. ती पूड रोज श्वासातून जात राहिली की एखाद्याचं शरीर तिच्याविरुद्ध उभं राहतं, आणि मग थोड्याशा पुडीनंही दम लागतो. कुठली सवय? दिवसेंदिवस वाढतं ते!

गणपतीत आमच्याकडे आली की मामी शांत झोपायची. कामावर गेली की पुन्हा घरघर. डॉक्टर खोकल्याचं औषध देत राहिले. "काम काय करता? सुट्टीत बरं वाटतं का?" हे दोन प्रश्न कुणी विचारले असते तर! कामामुळे होणारा दमा १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या यादीतसुद्धा होता. मामीला हे कोण सांगणार? मालकानं तोंडाला बांधायला फडकं दिलं. बारीक पूड फडक्यातून आरपार जाते हो!

मान्य, छोट्या गिरणीवाल्याचा धंदा उन्हाळ्यापुरता, खर्च परवडत नाही. पण धूळ ओढून घेणारा पंखा आणि बरे एन-९५ मास्क मागणं म्हणजे काही चंद्र मागणं नाही.

काम सुटलं तेव्हा मामी रडली होती. नुसत्या रंगावरून ब्याडगी किती, संकेश्वरी किती हे सांगणारी बाई ती. आता घरात फोडणी पडली तरी अंगणात जाऊन बसते.

त्या कांडपवाल्या बाईंशी मी बोलले. त्यांनाही रविवारी बरं वाटतं म्हणाल्या. कोल्हापुरात छातीच्या विकाराचे नीट ऐकून घेणारे डॉक्टर आणि एक्झॉस्टचं काम स्वस्तात करणारं कुणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. गिरणीमालकाशी मी बोलते.