मसल कार पूर्ण उघडल्याशिवाय हात लावू नये?

१९७० च्या आसपासच्या अमेरिकन मसल कारबद्दल (मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या दणकट गाड्यांबद्दल) एक सल्ला सगळीकडे फिरतो : गाडी शेवटच्या बोल्टपर्यंत उघडून नव्यासारखी करा, नाहीतर हात लावू नका, घरी केलेलं अर्धवट काम म्हणजे पैसे पाण्यात. मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजमध्ये १९७० ची शेव्हरोले शेव्हेल मलिबू उभी आहे, ३५० घनइंची व्ही-८ इंजिनाची. तिच्यावर काम करताना मला हा सल्ला नुसता चुकीचाच नाही, तर गाड्या बंद पाडणारा वाटू लागला आहे.

‘आधी सगळं उघडा.’ खरं नुकसान इथेच होतं. शेव्हेलची बॉडी चेसिसवरून उतरवली की बॉडी एकीकडे, चेसिस दुसरीकडे आणि मध्ये खोकी. आज काढलेला बोल्ट कुठला हे आज आठवतं, तीन वर्षांनी नाही. खोक्यांत भरून विकायला काढलेल्या गाड्या पाहिल्या की मला वाईट वाटतं. त्यातली एखादी कदाचित उघडण्याआधी चालतही असेल. म्हणून एका वेळी एकच यंत्रणा उघडावी आणि ती पूर्ण करूनच पुढची घ्यावी.

सुरुवात ब्रेकपासून. साध्या मलिबूला चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून दाबणारे) होते. ब्रेकच्या तेलाचा रबरी होज (नळी) बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून बुजलेला असू शकतो. मग पेडल सोडलं तरी चाक धरलेलंच राहतं. होज, व्हील सिलिंडर (चाकापाशी ब्रेक दाबणारा), मास्टर सिलिंडर (पेडलने तेल ढकलणारा) हे सगळं नवं मिळतं आणि घरी बसवता येतं. फक्त ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका. बऱ्याच जुन्या लायनरमध्ये (ब्रेकच्या घर्षणपट्टीत) अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओलं करून पुसा.

‘गंज थोडा थोडा काढता येत नाही.’ येतो, पण पाणी कुठून शिरतं ते आधी शोधलं तर. या गाड्यांत मागच्या काचेच्या क्रोम पट्टीखाली पाणी साचतं, तिथला पत्रा सडतो आणि ते पाणी खाली डिकीत उतरतं. डिकीचा तळ बदलून काच तशीच ठेवली, तर नवा पत्राही सडणार. काच काढून तिच्या खाचेतला सडलेला पत्रा वेल्ड करून घेतला, की डिकीचं काम पुढच्या वर्षी केलं तरी चालतं. भोकावर नुसती लांबी (पुट्टी) भरणं मात्र मला मान्य नाही. तिच्याखाली गंज वाढतच राहतो.

‘किंमत जाते.’ अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकामध्ये मूळ अवस्था टिकवलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे. कारखान्यातून आलेला रंग एकदा खरवडला की परत येत नाही. शिवाय १९७० च्या शेव्हेलच्या व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) व्ही-८ आहे एवढंच कळतं, गाडी मुळात एसएस (सुपर स्पोर्ट ही जास्त ताकदीची आवृत्ती) होती का ते नाही. म्हणून नकली एसएस पुष्कळ. कारखान्याचा बिल्ड शीट नावाचा कागद हा पुरावा, आणि तो बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर सापडतो. घाईघाईने सगळं उचकटणारा तोच कचऱ्यात टाकण्याची भीती.

‘शिसंविरहित पेट्रोलवर जुनं इंजिन मरतं.’ अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल १९९६ पासून बंद आहे. शिसं नसल्याने व्हॉल्व्हच्या सीटची (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्याची) झीज होते ती मुख्यतः सतत जोरात, भाराखाली चालवल्यावर. रविवारच्या फेरीसाठी इंजिन उघडायची गरज नाही. जास्त काळजी इथेनॉलची करा. जुने पेट्रोल-होज त्याने मऊ पडून तडकतात, आणि गळती गरम इंजिनाजवळ होते.

‘घरी जमत नाही.’ रंगाच्या बाबतीत मी हे मान्य करतो. आजच्या टू-के (दोन घटक मिसळून वापरायच्या) रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात. साधा मास्क लावून घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये तो फवारणं धोक्याचं आहे. ते काम मी पेंट शॉपलाच देणार. सध्या जुना लॅकर (गाडीचा जुना रंग) हाताने पॉलिश करून ठेवला आहे. उजव्या मडगार्डवर तो थोडा पातळ झालाय, पण गाडी चालते, थांबते, आणि पुढच्या महिन्यात मागची काच निघणार आहे.