गॉब्लिनचं नाव विचारू नये

आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं, आम्ही दर शनिवारी रात्री पत्ते कुटतो. वाटू दे. चाळिशीतली पाच माणसं डायनिंग टेबलाभोवती बसून ‘या कैद्याला मारायचं की सोडायचं’ यावर साडेअकरापर्यंत भांडतात, हे सांगण्यापेक्षा पत्ते बरे.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा, निवाडा करणारा आणि शेवटी बशा विसळणारा. बाकीचे चौघे आपापल्या पात्राचा कागद पुढ्यात घेऊन बसतात. त्यावर ताकद, चपळाई, हिट पॉइंट (म्हणजे किती मार सोसेल ते) वगैरे आकडे, आणि एका कोपऱ्यात अलाइनमेंट. अलाइनमेंट म्हटलं की आमच्या बाबांना गाडीची चाकं आठवतात. फारसं चूक नाही. पात्र कुठल्या बाजूला ओढतं, तेच तिथे लिहायचं असतं.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा बाजू तीनच होत्या: कायदेवाले, अंदाधुंदीवाले आणि कुंपणावरचे. पुढे त्यात चांगलं-वाईट आलं आणि १९७८च्या पुस्तकात तीन त्रिक नऊ खाने झाले, लॉफुल गुड, म्हणजे कायदेवाला सज्जन, इथपासून केऑटिक ईव्हिल, म्हणजे अंदाधुंद दुष्ट, इथपर्यंत. तेव्हाच्या नियमांत आपला खाना सोडून घसरलात की एक लेव्हल जायची. पॅलाडिन, म्हणजे देवाधर्माचा योद्धा, लॉफुल गुडच हवा. पाप केलं की शक्ती गुल. (‘नरो वा कुंजरो वा’ म्हटल्यावर धर्मराजाचा रथ चार बोटं खाली आला, तेच कलम.) आम्ही खेळतो त्या २०१४च्या आवृत्तीत ती सक्ती गेली. खाने राहिले, त्यांचे दात पडले. आता त्यांचा उपयोग भांडायला.

आमचा सीए मित्र पिवळा सिग्नल दिसला की थांबतो आणि मागच्यांच्या शिव्या खातो. टेबलावर तो रोग. म्हणजे चोर, देवनागरीत आजार वाटतो, आणि आहेही तसाच. पहिल्याच तासात त्याने देवळातली दानपेटी फोडली.

“अरे, देऊळ आपल्याच बाजूचं आहे!”

“मी काय करू? माझं पात्र केऑटिक न्यूट्रल आहे.”

गृहपाठ न केलेल्या पोराने डॉक्टरची चिठ्ठी पुढे करावी, तसे तो हे दोन शब्द पुढे करतो.

गेल्या शनिवारी त्यांनी एक गॉब्लिन, म्हणजे खुजा राक्षस, जिवंत धरला. सात हिट पॉइंटचा किरकोळ जीव. तलवारीच्या शेवटच्या घावाला ‘मारत नाही, बेशुद्ध करते’ म्हणायची मुभा नियमांत आहे, आणि पॅलाडिन झालेली माझी मामेबहीण शाळेत शिकवते. तिला शिक्षेआधी समज द्यायची असते. रोग म्हणाला, उडवा. पुस्तकात गॉब्लिन न्यूट्रल ईव्हिलच लिहिलाय. बहीण म्हणाली, पुस्तकात सगळ्या मुलांचं वयही सारखंच लिहिलेलं असतं. बँकेतला मित्र, आमचा बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, म्हणाला की आधी चिवडा इकडे सरकवा. अर्धा तास गेला. फ्रिजखाली गेलेला वीस बाजूंचा फासा झाडूने काढून झाला. निर्णय नाही.

तेवढ्यात बायकोने, म्हणजे आमच्या विझर्डने (जादूगारणीने), शांतपणे विचारलं, “त्याचं नाव काय?”

मी गुहेचा नकाशा काढला होता. दारांचे सापळे, पेटाऱ्यातली नाणी, सगळं तयार. गॉब्लिनचं नाव कोण कशाला तयार ठेवेल? तोंडातून निघून गेलं, “बंड्या.”

संपलं. बंड्याला कोण मारणार? बार्बेरियनने त्याला आपल्या शिध्यातली भाकरी दिली (मेनूत भाकरी नाही, पण मी बोललो नाही). बहिणीने त्याच्याकडून ‘पुन्हा असं करणार नाही’ वदवून घेतलं. विझर्डने पुस्तकांची पिशवी त्याच्या खांद्यावर दिली. मघाशी उडवा म्हणणारा रोग वही काढून विचारू लागला, “याचा लुटीतला वाटा कसा दाखवायचा? भागीदार की पगारी?”

माझ्या टिपणात स्पष्ट लिहिलं होतं: कैदी धरला तर रात्री दोर कुरतडेल, जमेल ते उचलून पळेल. पंधराच्या वर पडलं की सुटला. सगळे झोपल्यावर मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला. एकोणीस.

“बंड्या आहे ना रे तिथेच?” बहिणीने विचारलं.

चौघे माझ्याकडे बघत होते. मी पुठ्ठा जरा जवळ ओढला.

“झोपलाय,” मी म्हणालो, आणि फासा अलगद उचलून खिशात टाकला.