स्लॅबमधलं कार्ड ‘लावा आणि विसरून जा’? निदान नागपुरात तरी नाही

गेले काही महिने पोकेमॉनसारखी छापील कार्डं जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. (कार्डाची अवस्था तपासून कंपनी त्याला आकडा देते, ते ग्रेडिंग; मग ते कार्ड लेबलसकट प्लास्टिकच्या ज्या कडक पेटीत बंद करते, तो स्लॅब.) थोडक्यात असा: ‘कार्ड ग्रेड होऊन स्लॅबमध्ये बंद झालं की काळजी मिटली. स्लॅब हवाबंद असतो, आत पाणी जात नाही, उन्हाचा परिणाम होत नाही. भिंतीवर लावा आणि विसरून जा. खोलीत कूलर-एसी असला की झालं. फारच भीती वाटली तर सिलिका जेल टाका, जितकं जास्त तितकं चांगलं. स्लॅब खराब झाला तरी बिघडत नाही, किंमत कार्डाची असते.’

मला हा पाच जणांनी पाठवला. त्यातला एक त्रिमूर्तीनगरातला बारावीचा मुलगा. दोन वर्षांचे वाढदिवसाचे पैसे साठवून त्यानं पहिलं ग्रेडेड कार्ड घेतलंय, पोकेमॉनचं होलो, म्हणजे चकचकीत फॉइलवालं. खाली त्यानं विचारलं होतं, ‘दादा, मग हॉलमध्ये लावू ना?’ हे लिहिणं मुख्यतः त्याच्यासाठी.

पहिलं, हवाबंद. पीएसए ही अमेरिकन कंपनी १९९१ पासून कार्डं ग्रेड करते. तिच्या स्लॅबचे दोन भाग अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं जोडलेले असतात. कुणी पेटी फोडून आतलं कार्ड बदललं, तर खूण राहावी यासाठी ते वेल्डिंग. हवा अडवणं हे त्याचं कामच नाही, आणि हवा जिथून जाते तिथून पाणीही जातं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा माझ्या एका मित्राचा खालचा ड्रॉवर बुडाला. दुसऱ्या दिवशी त्यानं एक स्लॅब माझ्या हातात दिला. तिरका केला की आतलं गढूळ पाणी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकायचं, सुताराच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखं. वेल्डिंग शाबूत होतं, ग्रेडचा आकडाही स्वच्छ दिसत होता. कार्डाच्या कडा मात्र फुगून पापडासारख्या झाल्या होत्या. तेव्हापासून मी गुडघ्याच्या खाली एकही कार्ड ठेवत नाही.

दुसरा मुद्दा उन्हाचा, आणि इथं माझं स्वतःचं नुकसान झालंय. एक कार्ड मी हॉलमधल्या पश्चिमेच्या खिडकीसमोर छोट्या स्टँडवर ठेवलं होतं. दोन उन्हाळे गेले. स्टँड बदलायला म्हणून स्लॅब उचलला, तर खालच्या काठाशी, जिथं स्टँडची पट्टी त्याला झाकत होती, तिथं दोन-तीन मिलिमीटरची एक गडद रेघ. तिच्यावरचं सगळं चित्र फिकं. लाल आणि पिवळा उतरला होता, निळा तेवढा टिकला होता. वरच्या लेबलचा लाल काठसुद्धा गुलाबीकडे झुकलेला. रोज पाहत होतो, पण कळलं नाही, कारण रंग एका दिवसात जात नाही. आणि गेलेला परत येत नाही.

खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा एक भाग अडवते, पण लांब लहरींचे, म्हणजे यूव्ही-ए, बरेचसे आत येतात. यूव्ही अडवणारं ॲक्रिलिक लावलं तर फरक पडतो हे खरं, पण रंग नुसत्या यूव्हीनं उडत नाहीत, दिसणाऱ्या प्रकाशानंही उडतात. कागदावरच्या नाजूक रंगांसाठी संग्रहालयं प्रकाश साधारण ५० लक्सवर ठेवतात (लक्स हे उजेड मोजायचं एकक). आपल्याकडचं उन्हाळ्याचं थेट ऊन १,००,००० लक्सच्या घरात जातं. हिशेब करा: ५० लक्सखाली रोज आठ तास म्हणजे दिवसाला ४०० लक्स-तास. उन्हातला एक तास म्हणजे तसे २५० दिवस. ग्रेडचा आकडा तपासणीच्या दिवशी कार्ड कसं होतं ते सांगतो. त्यानंतर तुमच्या खिडकीनं त्याचं काय केलं, हे लेबलवर कुणी लिहून ठेवत नाही.

आता कूलर. पुण्या-मुंबईचे लोक ‘एसी लावा’ म्हणून मोकळे होतात, पण आपल्याकडे मार्चअखेरीपासून घराघरात वुडवूलच्या जाळ्या बदलतात, आणि तिथूनच कार्डाचे हाल सुरू होतात. कूलर हवा थंड करतो तो पाणी मिसळून. मेअखेरच्या नवतप्यात बाहेरची हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल तासाभरात कडक होतो. त्याच वेळी कूलरच्या खोलीत माझा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, सत्तर टक्क्यांच्या आसपास दाखवतो. रात्री लाइट गेली, दारं उघडली, की काटा धाडकन खाली. सकाळी पुन्हा वर. कार्डासाठी बरी आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती स्थिर हवी.

होलो कार्डाला हा चढउतार सगळ्यात जास्त बाधतो, त्याला कारण आहे. त्यात एक थर कागदाचा आणि एक चकचकीत फॉइलचा. कागद ओलावा पितो, फुगतो. फॉइल पीत नाही. एक थर वाढतो, दुसरा जागचा हलत नाही, मग कार्ड कमान धरतं. स्लॅबच्या आतही धरतं. एकदा स्लॅब डोळ्यांच्या रेषेत आडवा धरून पाहा, कार्डाचा मधला भाग प्लास्टिकला टेकलेला दिसला तर समजा. कूलरच्या झोताच्या सरळ रेषेत, आणि दुपारभर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर, एवढ्या दोन जागी तरी कार्ड लावूच नका. एसीही फक्त रात्री चालणार असेल आणि दिवसा तीच खोली चाळिशीला जाणार असेल, तर त्यानं कार्डाला स्थैर्य मिळत नाही.

सिलिका जेल ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे तर उलटंच आहे. बंद डब्यात ते भरमसाट टाकलं तर कागद प्रमाणाबाहेर सुकतो आणि कार्ड दुसऱ्या बाजूला वाकतं. पावसाळ्यात मोठ्या डब्यात एक-दोन पुड्या, शेजारी छोटा हायग्रोमीटर, आणि निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची किंवा दाणे तापवून सुकवायचे. वर्षभर तीच पुडी ठेवली तर ती नुसती जागा अडवते. आणि कृपा करून आलमारीत डांबरगोळ्या असतील तर कार्डं तिथं ठेवू नका. त्यांची वाफ काही प्लास्टिकना नरम करते. आईच्या पैठणीचा कप्पा वेगळा, कार्डांचा वेगळा.

शेवटचं, ‘स्लॅबला काय किंमत’. ओरखडलेल्या स्लॅबमधलं कार्ड विकायला काढा, घेणारा आधी विचारतो की हा ओरखडा प्लास्टिकवर आहे की कार्डावर. फोटोत ते सांगता येत नाही. नवा स्लॅब करून मिळतो, पण त्यासाठी कार्ड परदेशी पाठवायचं, विमा काढायचा, कस्टमचे कागद करायचे आणि महिनोन्‌महिने वाट पाहायची. त्यापेक्षा स्लॅबची पातळ पिशवी काही रुपयांत मिळते. ती पॉलिप्रॉपिलीनची घ्या, मऊ आणि वास मारणाऱ्या पीव्हीसीची नको. स्लॅब पुस्तकांसारखे उभे ठेवा. एकावर एक थप्पी लावली की खालच्यांना ओरखडे पडतात, कोपरे तडकतात.

त्या मुलाच्या हॉलचे फोटो मी मागवले. पश्चिमेची भिंत गेली, कूलरसमोरची गेली. देवघराकडे जाणाऱ्या बोळातली आतली भिंत उरली. तिथं ऊन येत नाही, ट्यूबलाइटही संध्याकाळीच लागते. तिथं एक फ्रेम बसेल. दोन महिने कार्ड बाहेर, मग डब्यात, आणि तोवर फ्रेममध्ये त्याचीच चांगली रंगीत प्रिंट, असं आमचं ठरलंय. रविवारी हायग्रोमीटर घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहे.