‘बीपी हा पुरुषांचा आजार’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गणपतीच्या तोंडावर आमच्या दापोलीकडच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: उच्च रक्तदाब हा मुळात पुरुषांचा आजार आहे, वयात शंभर मिळवून येणारा आकडा म्हणजे योग्य बीपी, बाईचे बीपी वाढलेच, तर ते पाळी जातानाचे टेन्शन असते, आणि रोज कोकमाचे आगळ घेतले की गोळीची गरज उरत नाही. माझ्या सदुसष्ट वर्षांच्या मावशीने हे वाचून आठ दिवस गोळी घेतली नाही, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिले विधान अर्धेच खरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यावर औषध चालू होते. पण या आकड्यात सगळी वये एकत्र आहेत. वय वेगळे करून पाहिले तर पन्नाशीपर्यंत पुरुष पुढे असतात, त्यानंतर हे अंतर मिटत जाते आणि साधारण पासष्टीनंतर स्त्रियांचे प्रमाण जास्त दिसते. आमच्या गावांत वर्षभर घर, गोठा आणि आंब्याची बाग सांभाळणाऱ्या बऱ्याच बायका नेमक्या याच वयाच्या आहेत.

हा सगळा पाळी जाण्याचा परिणाम आहे काय? इस्ट्रोजेन हे स्त्रियांच्या शरीरातले संप्रेरक रक्तवाहिन्या सैल राहायला मदत करते, आणि ते कमी झाल्यावर त्या ताठर होत जातात, एवढे खरे. तरी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील सुमारे ३३,००० लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात स्त्रियांच्या रक्तदाबाचा चढ पुरुषांपेक्षा विशी-तिशीपासूनच अधिक तीव्र आढळला. बाईचा आकडा तरुणपणी खालून सुरू होतो, त्यामुळे १०० चा १२५ झाला तरी कोणी दखल घेत नाही. ज्यांचे बीपी गरोदरपणात वाढले होते, त्यांना पुढे हा आजार होण्याचा धोका अधिक असतो; पण बाळंतपण सुखरूप पार पडले की घरात तो विषय संपतो आणि डॉक्टरलाही पुढे कोणी सांगत नाही. अशा बाईच्या आकड्याला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देणे मला अतिशय घातक वाटते.

‘वय अधिक शंभर’ हा हिशेब जुना आणि चुकीचा आहे. मावशीला तो १६७ ची मोकळीक देतो, तर आपल्याकडे १४०/९० पासून पुढे उच्च रक्तदाब धरतात. वयाबरोबर वरचा आकडा वाढतो हे सर्रास दिसते, पण सर्रास दिसते म्हणून ते निरोगी ठरत नाही. पन्नाशीनंतर धमन्या ताठर झाल्याने वरचा आकडा चढत राहतो आणि खालचा उतरू लागतो. मावशीचे १६८/७६ आले, तेव्हा ‘खालचे छान आहे’ म्हणून घरचे निश्चिंत झाले होते. या वयात धोका वरच्या आकड्यात असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्प्रिंट या चाचणीत पन्नाशी ओलांडलेल्या, हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या पण मधुमेह नसलेल्या ९,३६१ जणांपैकी ज्यांचा वरचा आकडा १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, त्यांच्यात हृदयविकार आणि मृत्यू १४० चे उद्दिष्ट असलेल्या गटापेक्षा कमी झाले. कोणाला कुठवर उतरवायचे, हे अर्थात डॉक्टरांनीच ठरवायचे.

आगळाबद्दल तर फार बोलायला नको. आगळ टिकते ते मिठावर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि आमच्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीत खारवलेला बांगडा, मिठातल्या कैऱ्या, लोणची आणि पापड आधीच असतात. त्यात सकाळी बोटावर मशेरी. तंबाखूतले निकोटीन बीपी त्या वेळेपुरते वर नेते.

मावशीची गोळी डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झाली आहे. आता ती मशेरीच्या आधी, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसते, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवते, दोनदा मोजते आणि दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहिते.