मग तू इथवर आलास कसा?

माझ्यावर वाहन चालवण्याची सहा महिन्यांची बंदी का आली, याविषयी न्यायालयाने बोलायचे ते बोलून झाले असल्याने मी त्यात भर घालत नाही. माझी तक्रार त्यानंतरच्या गोष्टीची आहे. न्यूझीलंडच्या 1998 च्या भूपरिवहन कायद्यात अशी एक सोय आहे की, बंदीमुळे अर्जदाराचे पराकोटीचे हाल होणार असतील, किंवा दुसऱ्या कोणा व्यक्तीचे अवाजवी हाल होणार असतील, तर न्यायालय ठरावीक कामापुरता मर्यादित परवाना देऊ शकते. दुसऱ्याचे हाल नुसते अवाजवी असले तरी भागते. माझे मात्र पराकोटीलाच पोहोचावे लागतात.

मी देशाच्या दक्षिण टोकाला, साउथलँडमध्ये, गायींच्या कृत्रिम रेतनाचे काम करतो. ऑक्टोबर सरता सरता हंगाम सुरू होतो, आणि मग सकाळचे दूध काढून झाले की गोठवलेले रेत ठेवायचे द्रवरूप नायट्रोजनचे भांडे गाडीत ठेवून या फार्मवरून त्या फार्मवर फिरणे, रविवार-सुट्टी न पाहता, नाताळ जवळ येईपर्यंत चालते. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि तो माज काही तासांत ओसरतो. बंदीच्या पहिल्या 28 दिवसांत मात्र मर्यादित परवान्यावरही गाडी चालवता येत नाही. म्हणजे कायदा मला जितके दिवस स्वस्थ बसायला सांगतो, तितक्यात अख्खा कळप एकदा माजावर येऊन जातो आणि दुसऱ्या फेरीला लागतो. हे गायींचे अवाजवी हाल नव्हेत काय, असे मी वकिलाला विचारले, तेव्हा गाय ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नाही, असे उत्तर मिळाले. ज्या देशात 2014 साली एका अरण्याला आणि 2017 साली व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला, त्या देशात सहाशे गायींचा विचार कोणाच्या मनात येऊ नये, याचे मला आजही नवल वाटते.

अर्जासोबत माझे शपथपत्र, मालकाचे शपथपत्र आणि आदेशाचा मसुदा द्यावा लागतो, आणि सगळ्याची एक प्रत पोलिसांना जाते. मसुद्यात वार, वेळा, वाहन आणि मार्ग नमूद करायचे असतात. कोणती गाय कोणत्या दिवशी, कोणत्या रस्त्यावर, किती वाजता माजावर येणार आहे हे आधीच लिहून देता आले असते, तर मी हा धंदा सोडून पंचांग काढले असते. तरीही मी ते सारे लिहिले, आणि शपथपत्रावर साक्ष घेण्यासाठी आमच्या भागातल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ असलेल्या गृहस्थांकडे गेलो. ही मंडळी हे काम मानद म्हणून, एक छदामही न घेता करतात. फुकट मिळणाऱ्या सेवेबद्दल कुरकुर करू नये हे मला कळते, तरी मी करणार आहे.

गृहस्थ ऐंशीच्या घरातले, जुने मेंढपाळ. साउथलँडची माणसे ‘र’ असा घोळवून म्हणतात की मला ऑकलंडकरांपेक्षा त्यांचे इंग्रजी लवकर कळते. त्यामुळे पुढचा एकही शब्द ऐकायचा राहिला, अशी सबब मला नाही. त्यांनी प्रथम ओळखपत्र मागितले. “ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर उत्तम,” असे म्हणून ते माझ्याकडे प्रसन्नपणे पाहू लागले. ते न्यायालयात जमा केले आहे आणि म्हणूनच मी आलो आहे, असे मी सांगितले. “हो, हो, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे,” ते म्हणाले, आणि तेवढ्यावर माझी ओळख पटली.

साक्षीदाराने सही समोर झाली की नाही एवढेच पाहायचे असते. मजकुराची छाननी करणे त्याचे काम नव्हे. यांनी मात्र चष्मा बदलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. “ ‘वाहनाविना मला या भागात कोठेही जाणे अशक्य आहे’,” त्यांनी मोठ्याने वाचले, कागद खाली ठेवला आणि विचारले, “मग तू इथवर आलास कसा?”

माझ्या काखेत हेल्मेट होते. सायकलस्वाराला हेल्मेट 1994 पासून येथे सक्तीचे असल्याने ते लपवण्याची सोय नव्हती. सायकलने आलो, असे म्हणताच त्यांनी ‘अशक्य’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मी समजावू लागलो की भांडे सायकलवर नेता येत नाही. त्यावर मागे छोटी गाडी जोडता येईल, असे म्हणून त्यांनी पाकिटाच्या पाठीवर तिचे चित्र काढले. कोल्हापूरकडे हेच भांडे मोटारसायकलला बांधून गावोगाव हिंडणारे लोक मी पाहिले आहेत. पण ते मी बोललो नाही, नाहीतर तेही शपथपत्रात गेले असते. पत्नी गाडीने का पोहोचवत नाही? ती वृद्धाश्रमात रात्रपाळी करून सकाळी परतते. शेजारचा मुलगा? तो पंधरा वर्षांचा आहे. शेवटी त्यांनी खुर्चीत मागे रेलून मूळ प्रश्नालाच हात घातला.

“आमच्या वेळी वळू असायचा,” ते म्हणाले. “वळू चालत यायचा. वळूला लायसन्स लागत नसे.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, कायद्यातही नसावे. बायबलवर शपथ घेणार की नुसती प्रतिज्ञा करणार, हा प्रश्न त्यानंतर निघाला. मी प्रतिज्ञा म्हणताच, हिंदू लोकांची एक गीता असते असे आपण ऐकले असल्याचे सांगून, ती आपल्याजवळ नाही याबद्दल त्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. मग पाऊस आला. तेव्हा त्यांनी माझी सायकल आपल्या युटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, टाकली, मला शेजारी बसवले आणि घरापर्यंत सोडले. वाटेत म्हणाले, “बघ, गरज पडली की कोणी ना कोणी सोडतेच.”

मला चीड येते ती नेमकी याची. येथली माणसे इतकी चांगली आहेत की त्यांच्या चांगुलपणाने माझे हाल पराकोटीला पोहोचतच नाहीत. आज कोणी बाजारातून सोडतो, उद्या कोणी डॉक्टरकडे नेतो, आणि प्रत्येक उपकार पोलिसांच्या हाती माझ्याविरुद्धचा पुरावा होऊन बसतो. शहरातल्या अर्जदाराला बसचे वेळापत्रक जोडून मोकळे होता येते. आमच्याकडे जोडायला वेळापत्रकच नाही. क्राइस्टचर्चहून इन्व्हरकार्गिलला येणारी प्रवासी आगगाडीसुद्धा 2002 साली बंद झाली. आणि जे नाही, ते नाही हे शपथेवर सांगायला जिथे जायचे, तिथे पोहोचणे हाच खोटेपणाचा संशय ठरतो. समजा आदेश मिळालाच, तरी तो घेऊन आधी परवाना काउंटरवर जावे लागते, आणि तेथवर जाताना गाडी चालवायला अर्थातच मनाई असते.

आज सकाळी गृहस्थांचा फोन आला. मालकाच्या पत्राची जी प्रत शपथपत्राला जोडली आहे, तिच्यावर त्यांची आद्याक्षरे राहून गेली आहेत. मी कागद घेऊन पुन्हा यावे. घाई नाही, हवा बरी असेल त्या दिवशी सायकलने आलो तरी चालेल.