शिट्टी मी मारली नाही

सगळ्यात आधी नोंदवून ठेवतो : शिट्टी मी मारली नाही. आज सकाळपासून हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय की आता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलंय.

झालं असं. ऑफिसची ऑनलाइन मीटिंग होती. नव्याने रुजू झालेल्या वरिष्ठ मॅडमनी कॅमेरा सुरू केला, हसून "नमस्कार" म्हणाल्या, आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या चौकटीभोवती हिरवी रेघ उजळली. मग एक लांबलचक, चढत्या सुराची, नाक्यावरच्या टवाळाला शोभेल अशी शिट्टी बावीस जणांच्या कानात शिरली. कुईईईईक! मॅडम बोलायच्या थांबल्या. मी म्यूटवर नव्हतो, एवढाच काय तो माझा गुन्हा.

शिट्टी शांताची होती. शांता आमची गिनीपिग. दोन आहेत, शांता आणि कोकिळा. घरी आणल्या दिवशी दोघी खोक्यात गवताखाली दडून बसल्या होत्या आणि आतून एक किंकाळी आली. ती पांढरीची, असं मुलीने छातीठोकपणे सांगितलं. म्हणून पांढरी झाली कोकिळा आणि तपकिरी झाली शांता. दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडला तेव्हा घोळ लक्षात आला, पण तोवर पिंजऱ्यावर नावाच्या पाट्या रंगवून झाल्या होत्या. तसं या प्राण्याचं नावाच्या बाबतीत नशीबच फुटकं. गिनी देशाशी याचा संबंध नाही, डुकराशी तर नाहीच. मूळ दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातलं, आणि गोत उंदीर-खारींचं. १७५८ साली प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियससारख्या माणसाने याचं नाव ठेवलं, त्यातही 'पोर्सेलस', म्हणजे डुकराचं पिल्लू! तिथे आमच्या सात वर्षांच्या मुलीला काय बोलणार?

तर शांता. फ्रिजचं दार उघडलं की शिट्टी. पिशवी चुरचुरली की शिट्टी. फळीवर सुरी टेकली की शिट्टी. मागच्या महिन्यात मी औषधाच्या गोळ्यांचं पाकीट फोडलं, त्यालाही शिट्टी. खास माहिती अशी की ही शिट्टी हे प्राणी मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवतात. आपापसात त्यांचं बोलणं निराळं असतं. फिरताना बारीक कुटकुट, समाधानात घुरघुर, राग आला तर दात वाजवणं. शिट्टी मात्र खाणं आणणाऱ्या गड्यासाठी. म्हणजे मी. रात्री अडीच वाजता अंधारात चोरून फ्रिज उघडणं हा मी माणसाचा मूलभूत हक्क समजत आलो. आता तो गेला. दार बोटभर सरकलं की दोन खोल्यांपलीकडून भोंगा वाजतो, आणि बेडरूममधून आवाज येतो, "काय खाताय?"

कोकिळा याच्या नेमकी उलट. तोंडातून शब्द नाही. आठ महिन्यांत एकदाही नाही. शांता पिंजऱ्याच्या जाळीला दोन पाय लावून आकांत करत असते, तेव्हा ही मागे शांतपणे बसलेली. खाणं पडलं की येते, आपला वाटा उचलते, परत जाते. मला आधी काळजी वाटली. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, खाते का, लेंड्या नीट टाकते का, वजन उतरलंय का, एवढं विचारलं आणि म्हणाले, "स्वभाव आहे. काही बोलतात, काही बोलत नाहीत. ही गप्प आहे म्हणून धावत येऊ नका. पण ती बोलकी ज्या दिवशी गप्प होईल आणि खाणं सोडेल, त्या दिवशी मात्र वाट बघत बसू नका." हे प्राणी दुखणं लपवतात. रानात दुबळेपणा दिसला की कुणीतरी उचलून नेतं, ती सवय अजून गेलेली नाही. तेव्हापासून दर रविवारी दोघींना स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवतो. कोकिळा नऊशे ग्रॅमच्या पुढे आहे. गप्प राहून भरतं बरं.

माझं स्वतःचं मत असं की तिला ओरडायची गरजच पडत नाही. एकीने ओरडायचं आणि काकडी दोघींना मिळायची, असा हिशोब बसल्यावर घसा कोण सुकवेल? ऑफिसातही पगारवाढ अशीच होते. एकजण भांडतो, वाईट ठरतो, आणि फरक सगळ्यांच्या खात्यात जमा होतो. असो. मीटिंगकडे येतो.

शांतता पसरली होती. मी "सॉरी, गिनीपिग" म्हणालो असतो आणि विषय संपला असता. मी म्हणालोही. पण तेवढ्यात अकाउंट्सच्या गृहस्थांनी माइक सुरू केला. हे गृहस्थ गेली तीन वर्षं प्रत्येक मीटिंगला हजर असतात. कॅमेरा बंद, माइक बंद, नुसती नावाची दोन अक्षरं. ते निवृत्त झालेत आणि त्यांचा लॉगिन तेवढा राहून गेलाय, असं आमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटत होतं. तीन वर्षांनी त्यांनी तोंड उघडलं, ते माझ्यासाठी.

"एक मिनिट. गिनीपिग म्हणजे डुक्कर?"

"नाही हो. उंदराच्या गोतातला प्राणी आहे."

"म्हणजे उंदराने शिट्टी मारली."

"तसं नाही, पण... हो."

"दाखवा."

आता यात दाखवण्यासारखं काय होतं? पण मी पडलो भिडस्त. धावत गेलो, पिंजऱ्यात हात घातला. शांता विजेसारखी बोगद्यात शिरली. हाताला लागली ती कोकिळा. वेळ नव्हता, तिलाच उचलून कॅमेऱ्यासमोर धरली.

"ही शिट्टी मारते?"

इथे "हो" म्हणायला काय हरकत होती? पण ऐन वेळी प्रामाणिकपणा सुचणं हा माझा जुना आजार आहे. "ही नाही. दुसरी मारते."

"म्हणजे जी मारते ती तुम्ही आणली नाही."

"नाही."

"आणि जी आणली ती मारत नाही."

"नाही."

"कधीच?"

"आठ महिन्यांत तरी नाही."

"मग हा प्राणी शिट्टी मारतो, हे कशावरून?"

"अहो, मारतात. पण सगळे सारखे नसतात. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा."

"तुमचाही असेल," ते म्हणाले.

कुणीतरी खोकलं. मी पुन्हा धावलो. बोगदाच उचलला, उलटा केला, शांताला बाहेर काढून लॅपटॉपसमोर आणलं. आणि शांता, जी गोळ्यांच्या पाकिटावरही बोंबलते, ती दगड झाली. डोळे मोठे, मिशीसुद्धा हलेना. भ्याल्यावर थिजणं हा या प्राण्यांचा हजारो वर्षांचा उपाय आहे, हे मला माहीत आहे. तो आज बावीस लोकांसमोर वापरायची गरज होती का? मी टेबलाखालून पिशवी काढून चुरगळली. काही नाही. कानाशी चुरगळली. काही नाही. मग माझ्या तोंडून जे निघालं ते आता कुठल्यातरी सर्व्हरवर रेकॉर्ड होऊन पडलेलं आहे : "बाळा, मार ना शिट्टी. मघाशी कशी मारलीस? मॅडमना दाखव ना."

मॅडम म्हणाल्या, "राहू द्या."

दोनच शब्द. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

अकाउंट्सच्या गृहस्थांचं मात्र समाधान झालं नव्हतं. "नोंदीसाठी विचारतो," ते म्हणाले, "घरात आणखी कोण शिट्टी मारतं?" कुकर, असं उत्तर होतं. मी दिलं नाही.

मला राग शिट्टीचा नाही. मागच्याच आठवड्यात आमच्या एका सहकाऱ्याचा लॅब्राडॉर तिमाहीचे आकडे वाचून होईपर्यंत अखंड भुंकत होता. आकडा एकही कळला नाही. पण काय कौतुक! "अय्या, कित्ती गोड! नाव काय त्याचं? जवळ आणा ना!" दुसऱ्या एकीची मांजर रोज शेपटी उंच करून कॅमेऱ्यासमोरून जाते आणि पडद्यावर बदाम उडतात. त्या कुत्र्याकडे कुणी पुरावा मागितला नाही. "हा भुंकतो हे कशावरून?" असं कुणी विचारलं नाही. माझ्याकडचा प्राणी किलोभराचाही नाही, म्हणून त्याचा आवाज माझ्या खात्यावर? दुपारी सगळ्यांना मेल आली की मीटिंगमध्ये सभ्यतेचं भान ठेवावं. कुणाचंही नाव नाही. नाव असतं तर उत्तर तरी देता आलं असतं. बिननावाच्या मेलला काय उत्तर देणार? "तो मी नव्हेच" म्हणून हात वर केला की तोच ठरतो. बायकोला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "पण तुम्ही म्यूटवर का नव्हतात?" फ्रिज कुणी उघडला होता, हे मी विचारलं नाही. घरातही एक मीटिंग चालूच असते.

रात्री साडेबाराला झोप येईना म्हणून बाहेर येऊन बसलो. तेवढ्यात पिंजऱ्यातून पक्ष्याचा आवाज यायला लागला. चिव, चिव, चिव, एका लयीत, थांबत नव्हता. आत चिमणी शिरली की काय म्हणून वाकून पाहिलं. कोकिळा होती. अंग ताठ, नजर कुठेतरी लांब, आणि प्रत्येक चिवबरोबर अख्खं शरीर हलतंय. शांता शेजारी जागच्या जागी थिजलेली. हा आवाज मला वाचून माहीत होता. फार थोडे गिनीपिग तो काढतात, वर्षानुवर्षं पाळूनही कित्येकांना तो ऐकायला मिळत नाही, आणि का काढतात यावर जाणकारांचं अजून एकमत नाही.

मी फोन काढला. पुरावा! रेकॉर्डचं बटण दाबणार, तोच अकाउंट्सचा आवाज कानात आला. "हे तर चिवचिव झालं. प्रश्न शिट्टीचा होता." फोन खाली ठेवला.

दोनेक मिनिटांनी कोकिळा थांबली आणि काहीच झालं नसल्यासारखी गवत चावायला लागली. शांताही हलली. मी तसाच अंधारात बसून राहिलो. भूक लागली होती, पण फ्रिज उघडायची सोय नव्हती.