सुसाट लंगडतोय

ताशी 65-70 किलोमीटर वेगाने पळू शकणाऱ्या जातीचा कुत्रा दारात असला की मालकाच्या चालण्यातही ऐट येते. आमचा सुसाट हा ग्रेहाउंड. त्याच्या पट्ट्याला लोंबकळत फरफटत जाताना मीसुद्धा स्वतःला धावपटू समजत असे. ही सगळी ऐट टाचणीच्या डोक्याहून जरा मोठ्या अशा एका ठिपक्याने उतरवली.

सुसाट लंगडायला लागला. म्हणजे रस्त्यावर लंगडायला लागला. हिरवळीवर पाऊल पडलं रे पडलं की लंगडणं गायब, डांबरावर आला की पुढचा डावा पाय पुन्हा अधांतरी. घरात गालिच्यावर ठणठणीत. बाहेर खडी दिसली की मात्र चेहरा असा करायचा, की येणारे-जाणारे त्याच्याकडे कळवळून आणि माझ्याकडे जळजळीत नजरेने बघायचे. बायकोचं निदान तयार होतं. "सोंग आहे नुसतं. तुझ्यावर गेलाय."

दवाखान्यात तर त्याने माझी अब्रूच घालवली. तिथल्या रबरी चटईवर साहेब असे डौलात चालले, की डॉक्टर एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. खांदा हलवून झाला, कोपर वाकवून झालं, एक्स-रेही काढला. एक्स-रे इतका सुरेख आला की फ्रेम करून लावावा. मग दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या मिळाल्या. त्या सुसाटने गिळल्याचा देखावा करून सोफ्याखाली साठवल्या, हे सोफा सरकवला तेव्हा कळलं.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याला हात लावायच्या आधीच विचारलं, "मऊ जमिनीवर बरा असतो का हो?" माझा कंठ दाटून आला. कुणीतरी विश्वास ठेवला होता! त्यांनी ओल्या कापसाने पंजाची गादी पुसली. कोरडी असताना नुसतीच काळपट, खरखरीत दिसणारी ती गादी ओली होताच मधल्या बोटाखाली एक गोल, फिकट ठिपका उमटला. कडा अगदी कंपासने आखल्यासारखी. वरून दाबलं तर सुसाटने जांभई दिली. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबलं मात्र, पाय हिसडून त्याने माझ्याकडे पाहिलं. दाबलं त्यांनी, बघितलं माझ्याकडे.

"कुरूप आहे," बाई म्हणाल्या.

"कुत्र्याला?"

"कुत्र्यालाच. आणि बहुतेक वेळा ह्याच जातीला, नाहीतर हिच्या सडपातळ भाऊबंदांना."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि त्यातला मोठा वाटा मधली दोन बोटं उचलतात. ह्या जातीच्या गादीत मुळात मऊपणा बेताचाच. तिथली कातडी घट्ट होत होत तिची एक टणक खुंटी बनते आणि तिचं टोक आत रुततं. कठीण जमिनीवर प्रत्येक पाऊल म्हणजे बुटात अडकलेल्या खड्यावर उभं राहणं. हे हाड नव्हे, त्यामुळे एक्स-रेत दिसायचा प्रश्नच नाही. कारण म्हणून कुणी दाबाकडे बोट दाखवतं, कुणी चामखिळीच्या विषाणूकडे, कुणी कधीकाळी रुतलेल्या काट्याकडे. घरी आल्यावर बायकोने सुसाटच्या गळ्यात पडून माफी मागितली. माझी मागितली नाही.

कुरूप काढण्याचा कार्यक्रम अगदी बघण्यासारखा असतो. बाईंनी छोट्या धारदार चमच्यासारखं हत्यार घेतलं आणि कडेकडेने कोरत कोरत ती खुंटी सैल केली. त्या कठीण भागाला संवेदना नसते, त्यामुळे हात सराईत असेल तर भूल लागत नाही, रक्तही येत नाही. सुसाट पेंगत होता. पाणी मदतनीस मुलीने मला आणून दिलं. पिवळट, टणक असा तो ऐवज टपकन बाहेर आला आणि साहेब डांबरी रस्त्यावरून सरळ चालत गाडीत जाऊन बसले. मी आभाराचं भाषण सुरू करणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "काही आठवड्यांनी पुन्हा येईल हं." मला वाटलं, आम्हाला यायला सांगतायत. त्या कुरुपाबद्दल बोलत होत्या.

तेव्हापासून घरी पंजासेवा सुरू आहे. कोमट पाण्यात पाय भिजवायचा, कानस घासायची, युरियाचं मलम लावायचं. ऐकायला सोपं आहे. कुत्र्याला पाय चार, टबात हवा एक. तो डावा घातला की उजवा येतो, उजवा काढला की मागचे दोन येतात आणि शेवटी टबात कुत्रा आणि टबाबाहेर पाणी अशी परिस्थिती होते. कानस हलक्या हाताने फिरवावी लागते, जास्त खोल गेली तर रक्त येतं आणि मग पुढचे काही दिवस कानशीचं कपाट उघडलं तरी सुसाट पलंगाखाली. मलम जिरेपर्यंत चाटू द्यायचं नाही, म्हणून मोजा. तो मोजा पायात असतो तोवर माझी पाठ वळलेली नसते, एवढंच.

रस्त्यासाठी जाड तळाचा बूट आणला. पहिल्यांदा घातला तेव्हा सुसाट पुतळ्यासारखा उभा राहिला, मग तो पाय हवेत इतका उंच नेऊन टाकू लागला की संचलनाला निघाल्यासारखा दिसे. आता सरावला आहे. घरी आल्या आल्या बूट काढायचा, कारण कुत्र्याच्या तळव्यांना घाम येतो आणि आत ओल धरली तर कातडी सोलवटते.

सल्लागारांना तोटा नाही. माणसांची कुरुपाची पट्टी लाव, असं निम्म्या ओळखीच्यांनी सांगितलं. बाईंनी हातच जोडले: तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही भाजतं आणि चाटल्यावर पोटात जातं. कापूनच का टाकत नाही, असंही विचारून झालं. कापून काढलेलं कुरूपही अनेकदा उगवतंच. अख्खं बोट काढलं, तर त्याचा भार शेजारच्या बोटावर पडून तिथे नवं यायची भीती. अलीकडे बोट वाकवणारी एक शीर, म्हणजे स्नायूबंध, कापून टाकतात. बोट जरा सपाट पडतं, टोकावरचा दाब हटतो आणि कुरूप हळूहळू विरत जाऊ शकतं. मला हे पटलंय. बायको अजून "पण शीर कापायची?" इथेच आहे. तिचं मत वळेपर्यंत टब.

ह्या सगळ्यात बाबा गप्प होते. त्यांच्या उजव्या तळव्याला कित्येक वर्षं कुरूप आहे आणि त्याची कुणी कधी साधी चौकशी केलेली नाही, हे मला काल कळलं. सुसाटचा पाय एकदाचा टबात स्थिरावला होता. बाबांनी शेजारी खुर्ची ओढली, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "त्याचं आटपलं की पाणी ओतू नकोस."